जैविक कीडनियंत्रण कंपन्यांत ‘थांबा’ कोण म्हणणार?

पिकांवरील किडी जैविक मार्गाने रोखणारी उत्पादने विकसित करणारी एखादी कंपनी आपल्या नेतृत्वाची ओळख करून देते, तेव्हा त्या ओळखीचा साचा बहुधा ठरलेला असतो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पूर्वी कोणत्या रसायन कंपनीत किती मोठा विभाग सांभाळला, वित्तप्रमुखाने किती भांडवल उभे केले, विक्रीप्रमुखाने किती देशांत वितरकांचे जाळे विणले आणि संशोधनप्रमुखाच्या नावावर किती पेटंट आहेत, हे सांगितले जाते. गुंतवणूकदार त्यावरून कंपनीचे मूल्य जोखतात आणि सरकारी खाती तिच्या क्षमतेचा अंदाज बांधतात. ज्यांचे पीक या उत्पादनांवर अवलंबून असते त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती मात्र त्यात क्वचितच असते. तयार झालेला एखादा लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेली मालाची खेप, कारखान्याबाहेर जाऊ नये असे वाटले, तर तो अडवण्याचा अंतिम अधिकार या मंडळींपैकी कोणाला आहे, आणि त्या व्यक्तीचे वेतन विक्रीच्या आकड्याशी बांधलेले आहे का, हा तो प्रश्न होय. जैविक कीडनियंत्रणाच्या धंद्यात नेतृत्वाची पारख याच प्रश्नावर व्हायला हवी, आणि ती करण्याचा हक्क भागधारकांइतकाच समाजालाही आहे, असे माझे ठाम मत आहे.

समाजाचा हक्क म्हणण्याचे कारण असे की, या कंपन्या ज्या ज्ञानावर उभ्या आहेत त्याचा मोठा भाग सार्वजनिक पैशातून निर्माण झालेला आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा आज जगात सर्वाधिक वापरला जाणारा कीटकनाशक जिवाणू १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगाचा अभ्यास करताना सापडला. पुढे १९११ साली जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांनी तो पिठातील पतंगाच्या अळीतून वेगळा केला आणि १९१५ मध्ये थुरिंगिया या प्रांतावरून त्याचे नामकरण केले. त्यापासून बनवलेले पहिले व्यापारी उत्पादन फ्रान्समध्ये १९३८ साली बाजारात आले. त्याआधी, १८७९ साली, एली मेचनिकॉव्ह यांनी ओडेसा परिसरात गव्हावरील भुंगेऱ्यांवर हिरव्या बुरशीचे प्रयोग केले होते. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने उजाड होत असताना १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून ढालकिडे (लेडीबर्ड) आणून त्या वाचवल्या गेल्या, तेही सरकारी कीटकशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने. या प्रत्येक टप्प्यावर ज्ञान आधी संस्थांच्या आणि निरीक्षकांच्या हाती होते आणि कंपन्या नंतर आल्या. त्यांनी येऊच नये असे मी म्हणत नाही. परंतु समाजाने सोपवलेल्या गोष्टीचा सांभाळ कोण करत आहे, हे विचारणे म्हणजे खासगी कारभारात नाक खुपसणे नव्हे.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. रासायनिक कीटकनाशकाचा एक ब्रँड निकृष्ट निघाला तर शेतकरी तो सोडून दुसरा घेतो. रासायनिक फवारणीवरचा त्याचा विश्वास उडत नाही. जैविक उत्पादन एकदा निकामी निघाले की तो केवळ त्या कंपनीला दोष देत नाही, ‘जैविक औषधांनी काही होत नाही’ असा निष्कर्ष काढतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो. म्हणजे एका कंपनीच्या संचालकांनी तिमाहीच्या अखेरीस घेतलेल्या एका चुकीच्या निर्णयाची किंमत त्या क्षेत्रातील सगळे प्रामाणिक उत्पादक, सगळे संशोधक आणि शेवटी विषारी अवशेषांनी भरलेली जमीन व पाणी चुकते करतात. हा विश्वास सामाईक आहे आणि तो खर्चून टाकण्याचा अधिकार कोणत्याही एका कंपनीला नाही.

उत्पादन सजीव असण्याचा अर्थ नेतृत्वाने नीट समजून घ्यावा लागतो. रासायनिक रेणू एकदा सिद्ध झाला की प्रत्येक लॉटमध्ये तोच रेणू तयार होतो, आणि त्याचे प्रमाण यंत्राने मोजता येते. बुरशीचे तसे नसते. ब्युव्हेरिया किंवा मेटारायझियमसारखी कीटकांवर जगणारी बुरशी कृत्रिम माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवत राहिले, तर तिची कीटकाला आजारी पाडण्याची ताकद क्षीण होऊ शकते. ती पुन्हा जिवंत कीटकातून काढून घ्यावी लागते आणि मूळ वाण अतिथंड तापमानात जपून ठेवावा लागतो. बीटीच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. अळीला मारण्याचे काम प्रामुख्याने त्या जिवाणूने तयार केलेली स्फटिकरूप प्रथिने करतात, त्यामुळे एका ग्रॅममध्ये किती बीजाणू आहेत यावरून उत्पादनाची खरी ताकद कळत नाही. ती जिवंत अळ्यांवर चाचणी घेऊनच ठरवावी लागते. बीजाणूंची संख्या भरघोस आणि मारकशक्ती मात्र तोकडी, असा लॉट तयार होऊ शकतो. कागदावर तो उत्तम दिसेल. वित्तप्रमुखाला तो उत्तमच वाटेल, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण त्याच्या पुढ्यात आलेला आकडा खराच असतो. तो आकडा अपुरा आहे हे जाणणारा माणूस त्या टेबलाशी बसलेला नसेल, तर तो लॉट निघून जाणार.

मित्रकीटकांचे, म्हणजे पिकावरील किडींना मारणाऱ्या जिवांचे, उत्पादन याहूनही नाजूक असते. भक्षक कोळी आणि अंड्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या अनेकदा पर्यायी भक्ष्यावर वाढवल्या जातात, कारण मूळ कीड लाखोंच्या संख्येने पोसणे परवडत नाही. पिढ्यानपिढ्या कारखान्यात वाढलेल्या माश्यांची उडण्याची किंवा पिकावर खरे भक्ष्य शोधून काढण्याची क्षमता घटली, तर बाटलीतील संख्या बरोबर असूनही शेतात काहीच घडत नाही. म्हणूनच या क्षेत्रातील शास्त्रज्ञ आणि उत्पादक यांनी मिळून मित्रकीटकांसाठी दर्जाचे निकष तयार केले, ज्यांत केवळ मोजणी नसून नर-मादी प्रमाण, आयुर्मान, प्रजननक्षमता आणि काही जातींसाठी उडण्याची चाचणीही येते. जगभरात आज सुमारे ३५० जातींचे मित्रकीटक व्यापारी पद्धतीने उपलब्ध आहेत. त्यांतील प्रत्येकाचे निकष वेगळे, साठवणीचे दिवस वेगळे आणि वाहतुकीतले तापमान वेगळे. अशा कारखान्याचा उत्पादनप्रमुख हा केवळ यंत्रे चालती ठेवणारा व्यवस्थापक असू शकत नाही. तो दररोज जीवशास्त्रीय निर्णय घेत असतो, आणि त्याचे स्थान नेतृत्वाच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असेल तर ते निर्णय दुसरा कोणी तरी, बहुधा घाईत, घेत असतो.

इतिहासाकडे पाहिले तर हे क्षेत्र आजवर जीवशास्त्रापेक्षा निर्णयांमुळे अधिक वेळा हरलेले दिसते. इंग्लंडमध्ये १९२६ साली एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीचे काही कोष काळे पडलेले आढळले. त्यातून एन्कार्सिया फॉर्मोसा या परजीवी गांधीलमाशीची ओळख पटली, आणि चेशंट येथील संशोधन केंद्र काही वर्षांतच दरवर्षी सुमारे १५ लाख माश्या सुमारे ८०० रोपवाटिकांना पुरवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याच्यासारखी रसायने आली आणि ही व्यवस्था गुंडाळली गेली. माशी काम करत नव्हती म्हणून ती मागे पडली नाही, कारण रसायनांचा प्रतिकार करणाऱ्या किडी उद्भवल्यानंतर १९७०च्या दशकात तीच माशी काचगृहांत परत आली आणि आजही तेथे आहे. एल्कारची कथाही अशीच आहे. कापसावरील बोंडअळीला मारणाऱ्या विषाणूपासून बनवलेले हे उत्पादन १९७५ साली अमेरिकेत नोंदले गेले. पाठोपाठ कृत्रिम पायरेथ्रॉइड हे रासायनिक कीटकनाशक बाजारात आले, जे स्वस्त होते आणि अळीला डोळ्यांदेखत पाडत होते. मग त्या विषाणूच्या मागे उभे राहण्याचे व्यापारी कारण कंपनीला उरले नाही. बोंडअळीने पायरेथ्रॉइडांनाही लवकरच दाद देणे सोडले. त्या मधल्या काळात विषाणूवरचे काम नेटाने चालू राहिले असते, तर पुढच्या पिढीतील उत्पादकांना बरीच वाट पुन्हा तुडवावी लागली नसती.

याच्या उलट उदाहरण नेदरलँड्समधील कोपर्ट या कंपनीचे आहे. यान कोपर्ट हे काकडीचे उत्पादक होते. लाल कोळी रसायनांना जुमानेनासा झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या काचगृहात भक्षक कोळी वापरून पाहिला, आणि त्यातून १९६७ साली कंपनी सुरू झाली. पुढे त्यांच्या मुलांनी ती वाढवली. या उदाहरणाचे भाबडे कौतुक करण्यात अर्थ नाही. कौटुंबिक कंपनी म्हणजे आपोआप चांगली कंपनी असे काही नसते, आणि शेतकऱ्याने स्थापन केलेल्या कितीतरी कंपन्या बुडालेल्या आहेत. तरी दोन गोष्टी येथून घेण्यासारख्या आहेत. निर्णय घेणाऱ्याला पीक कसे दिसते हे प्रत्यक्ष ठाऊक होते, आणि भांडवलाला दर तीन महिन्यांनी कोणाला आकडा दाखवायचा नव्हता. या दोन्ही गोष्टी कुटुंबाबाहेरच्या नेतृत्वातही आणता येतात, मात्र त्या हेतुपुरस्सर आणाव्या लागतात.

स्पेनमधील अल्मेरियाचे उदाहरण सल्लागारांचे मोल दाखवते. २००६च्या अखेरीस जर्मनीत तेथील ढोबळ्या मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि खरेदीदार साखळ्यांनी पाठ फिरवली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या भागातील मिरचीचे जवळजवळ सगळे क्षेत्र मित्रकीटकांकडे वळले. फुलकिड्यांसाठी ओरियस हा भक्षक ढेकूण आणि फुलकिडे व पांढरी माशी या दोहोंसाठी अँब्लिसियस स्विर्स्की हा भक्षक कोळी, ही जोडी तेथे कामी आली. इतक्या झपाट्याने झालेला हा बदल केवळ बाटल्या पुरवून होणारा नव्हता. मित्रकीटक केव्हा सोडायचे, त्याआधी कोणती फवारणी किती दिवस टाळायची, फुले येण्यापूर्वी भक्षकांना खाद्य काय, हे दर आठवड्याला काचगृहात जाऊन सांगणारी माणसे लागली. ज्या कंपनीत अशा क्षेत्रीय तंत्रज्ञांच्या प्रमुखाला विक्रीप्रमुखाच्या हाताखाली बसवलेले असते, तिथे त्या माणसांची गणना हळूहळू विक्रेत्यांत होऊ लागते. मग ‘या आठवड्यात काही सोडू नका, थांबा’ हा खरा सल्ला देणे त्यांना जड जाते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग सोपे आहे, कंपनीच्या शिरोभागी शास्त्रज्ञ बसवा. हा उपाय अपुरा आहे, आणि त्याचा दाखला म्हणून अमेरिकेतील मॅरोन बायो इनोव्हेशन्स या कंपनीचा इतिहास प्रत्येक संचालकाने वाचावा असे मला वाटते. तिच्या संस्थापक पामेला मॅरोन या नाणावलेल्या कीटकशास्त्रज्ञ. मोन्सँटोमध्ये कीटकजीवशास्त्राचा गट सांभाळल्यावर त्यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अ‍ॅग्राक्वेस्ट ही कंपनी स्थापन केली, जिचे बॅसिलस सबटिलिसवर आधारित बुरशीनाशक जगभर गेले. २०१२ साली बायरने ती कंपनी विकत घेतली. तत्पूर्वीच मॅरोन यांनी ती सोडून २००६ मध्ये दुसरी कंपनी उभी केली होती आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ती शेअर बाजारात आणली. बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी महसूल दुप्पट होईल, असे चित्र रंगवले गेले होते. पुढे हिशेबांत गफलत उघड झाली, आधीचे आकडे मागे घ्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने कंपनीवर आणि तिच्या माजी मुख्य परिचालन अधिकाऱ्यावर कारवाई जाहीर केली. आयोगाच्या म्हणण्यानुसार, न खपलेला माल कंपनी परत घेईल अशी हमी वितरकांना परस्पर देण्यात आली होती, ती वित्त विभागापासून आणि लेखापरीक्षकांपासून दडवली गेली, आणि तो माल झालेल्या विक्रीत धरला गेला. कंपनीने १७.५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मॅरोन यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप नव्हता, तरी त्या काळात मिळालेली प्रोत्साहनपर रक्कम त्यांनी परत केली.

या प्रकरणाकडे निव्वळ लेखापुस्तकांतील लबाडी म्हणून पाहिले तर त्यातील जैविक धडा निसटतो. वितरकाच्या गोदामात माल ढकलून तो विकला गेल्याचे दाखवणे हा प्रकार इतर धंद्यांतही घडतो. पण लोखंडी खिळे गोदामात वर्षभर पडून राहिले तरी खिळेच राहतात. जिवाणू-बुरशीवर आधारित उत्पादनाची मुदत मर्यादित असते, अनेकदा त्याला थंडावा लागतो आणि शेतीचा हंगाम निघून गेला की पुढच्या हंगामापर्यंत त्यातला जोम ओसरलेला असू शकतो. गोदामात अडकलेला तो माल पुढच्या वर्षी कोणी तरी सवलतीत विकतो, कोणी तरी विश्वासाने फवारतो, आणि कीड तशीच राहते. म्हणून या क्षेत्रात विक्री मोजण्याची पद्धत हाच दर्जाचा प्रश्न आहे. कारखान्याबाहेर पडलेल्या मालावर ज्या अधिकाऱ्याला बक्षीस मिळते, त्याच्या हाती कारखान्याचे दार असता कामा नये. शास्त्रज्ञ शिरोभागी असूनही हे घडू शकले, याचा अर्थ मी असा लावतो की व्यक्तीच्या पदवीपेक्षा अधिकारांची वाटणी निर्णायक ठरते. दर्जाप्रमुख आणि वित्त विभाग हे दोघेही परिचालन किंवा विक्रीप्रमुखाला डावलून थेट संचालक मंडळापुढे उभे राहू शकत असतील, तरच संस्थापकाचे ज्ञान कंपनीच्या रोजच्या व्यवहारात उतरते.

आता विरुद्ध बाजू, आणि ती दुबळी नाही. व्यापारी नेतृत्व नसेल तर उत्तम विज्ञान फडताळात पडून राहते, हे खरे आहे. वाळवंटी टोळांविरुद्ध मेटारायझियम बुरशीचे उत्पादन तयार करण्यासाठी १९८९ पासून एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. त्यातून आलेले ग्रीन मसल हे उत्पादन परिणामकारक होते आणि पक्ष्यांना व इतर प्राण्यांना सुरक्षित होते. टांझानियात २००९ साली लाल टोळांवर ते मोठ्या प्रमाणावर वापरलेही गेले. पण टोळधाड दरवर्षी येत नाही, त्यामुळे मागणी स्थिर नाही. मागणी नसली की कारखाना चालू ठेवणे परवडत नाही, आणि धाड आली की साठा अपुरा पडतो. हे कोडे प्रयोगशाळेत सुटणारे नव्हते. सरकारांशी आगाऊ करार करणारा, साठ्याचे अर्थकारण समजणारा व्यवस्थापकच ते सोडवू शकतो. शिवाय नोंदणीची कागदपत्रे, अनेक देशांचे वेगवेगळे नियम, पॅकिंग, वाहतूक या सगळ्यांत रसायन उद्योगातून आलेल्या अनुभवी माणसांचा उपयोग होतो, हे नाकारणे दुराग्रहाचे ठरेल.

गुंतवणूकदारांचा युक्तिवादही समजण्याजोगा आहे. नवे रासायनिक कीटकनाशक शोधापासून बाजारापर्यंत आणायला २०१० ते २०१४ या काळात सरासरी सुमारे २८.६ कोटी डॉलर आणि ११ वर्षे लागत होती, असा उद्योगाचाच अभ्यास सांगतो. जैविक उत्पादनाला त्याच्या तुलनेत फार कमी पैसा आणि वेळ लागतो, म्हणून भांडवल इकडे वळले. याच काळात मोठ्या रसायन कंपन्यांनी जैविक कंपन्यांची खरेदी सुरू केली. केवळ २०१२ या एका वर्षात बायरने अ‍ॅग्राक्वेस्ट, बीएएसएफने बेकर अंडरवुड आणि सिंजेंटाने पाश्चुरिया बायोसायन्स घेतली. मात्र ‘कमी खर्च, कमी वेळ’ हे गणित मांडताना एक गोष्ट राहून जाते. रसायनाच्या बाबतीत बहुतेक खर्च नोंदणीपूर्वी होतो. जैविक उत्पादनात खरा खर्च नोंदणीनंतर सुरू होतो, दर लॉटच्या चाचणीवर, थंड साठवणीवर आणि शेतात जाणाऱ्या माणसांवर. पहिल्या टप्प्यात वाचलेला पैसा दुसऱ्या टप्प्यात खर्चावा लागेल, हे संचालकांनी गुंतवणूकदारांना सुरुवातीलाच सांगितले नसेल, तर पुढे काटकसरीची कात्री नेमकी याच तीन ठिकाणी चालते.

रसायन उद्योगातून आलेल्या अधिकाऱ्यांबरोबर त्यांच्या सवयीही येतात, आणि त्यांतली एक विशेष घातक आहे. एका फवारणीनंतर ४८ तासांत किती कीड मेली, हा त्यांचा मापदंड असतो. बुरशीने ग्रासलेला कीटक मरायला एक ते तीन आठवडेही लागू शकतात, जरी त्याचे खाणे आधीच मंदावलेले असले तरी. भक्षक कोळ्यांचा परिणाम तर त्यांची संख्या वाढल्यावरच दिसतो. जुन्या मापदंडाने हे सगळे अपयश ठरते. मग एक तर चांगले उत्पादन रद्द होते, नाही तर विक्री विभाग ‘तात्काळ परिणाम’ असे आश्वासन देऊ लागतो, जे ते उत्पादन पाळू शकत नाही. या दबावाचे सर्वांत हीन टोक म्हणजे जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत गुपचूप रसायन मिसळणे. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या कृषी विभागाने २०१६ साली वनस्पतिजन्य तेलांचे म्हणून विकले जाणारे एक कोळीनाशक रोखले, कारण त्यात लेबलवर न दाखवलेले अबामेक्टिन हे कीटकनाशक निघाले. असे उत्पादन शेतात मात्र झकास काम करते, आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या अस्सल जैविक उत्पादनाला नालायक ठरवते.

आणखी एका अधिकाराचा विचार व्हायला हवा : उत्पादन चांगले असूनही ते एखाद्या ठिकाणी विकायचे नाही, असे म्हणण्याचा. हार्मोनिया अ‍ॅक्सिरिडिस हा आशियाई ढालकिडा माव्याचा फडशा पाडतो, म्हणून १९९०च्या दशकात युरोपात तो विकला गेला. तो झपाट्याने पसरला, २००४ साली ब्रिटनमध्येही नोंदला गेला, आणि स्थानिक ढालकिड्यांवर त्याने संक्रांत आणली. नंतर विक्री थांबली, पण सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. प्रतिकारशक्तीचेही तसेच. हवाईमध्ये कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने बीटीच्या वारंवार फवारणीला प्रतिकार विकसित केल्याचे १९९० साली नोंदले गेले. युरोपातील सफरचंदाच्या बागांत कॉडलिंग पतंगाच्या अळ्यांनी त्यांच्या विषाणूलाही दाद देणे सोडले, कारण वर्षानुवर्षे विषाणूचा एकच वाण फवारला जात होता. ‘जैविकाला प्रतिकार येत नाही’ हे विक्रीचे वाक्य तेव्हाच खोटे ठरले. फेरपालट करा, एकाच उत्पादनावर विसंबू नका, आमचे कमी आणि गरजेपुरतेच वापरा, असे आपल्याच ग्राहकाला सांगणारा अधिकारी विक्रीच्या बैठकीत अप्रिय होणार. त्याला संरक्षण नेतृत्वाच्या रचनेतूनच मिळू शकते.

ही रचना कंपन्या आपणहून करतील अशी वाट पाहण्याची गरज नाही, कारण समाजाच्या हाती एक भक्कम साधन आहे. अनेक उपयुक्त वाण आणि तंत्रे सार्वजनिक संस्थांकडून परवान्याने कंपन्यांना दिली जातात. ब्राझीलमध्ये सोयाबीनवरील अळीच्या विषाणूचा कार्यक्रम एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने फ्लाव्हियो मोस्कार्दी यांच्या नेतृत्वाखाली उभा केला. शेतातून रोगट अळ्या गोळा करून त्यांचा अर्क पुन्हा फवारण्यापासून सुरुवात झाली, पुढे खासगी कंपन्यांना उत्पादनाचे करार दिले गेले, पण दर्जाच्या तपासणीतून संस्थेने अंग काढून घेतले नाही. ऐन भरात असताना तो विषाणू वर्षाला सुमारे २० लाख हेक्टरवर वापरला जात होता. त्या काळी कीटक-विषाणूचा तो जगातील सर्वांत मोठा वापर मानला जात होता.

म्हणून परवाना देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने आणि संशोधन संस्थेने करारातच काही अटी घालाव्यात. दर्जाप्रमुखाची नेमणूक आणि बडतर्फी संचालक मंडळाच्या मंजुरीशिवाय होऊ नये, आणि त्याच्या वेतनाचा कोणताही भाग विक्रीशी जोडलेला नसावा. प्रत्येक लॉटच्या जैविक चाचणीचा निकाल, मुदतीच्या शेवटच्या महिन्यातील नमुन्यासह, संस्थेला कळवला जावा. वितरकाकडून परत आलेला आणि मुदत संपलेला माल किती, याचा आकडा दरवर्षी खुला करावा. अधिकाऱ्यांचे विक्रीवरील बक्षीस माल कारखान्यातून निघाल्यावर न देता हंगाम संपून परतीचा हिशेब झाल्यावर द्यावे, आणि नंतर आकडे खोटे निघाले तर ते वसूल करण्याची तरतूद आधीच असावी. संचालक मंडळात किमान एक जागा अशा व्यक्तीला मिळावी, जी ही उत्पादने स्वतःच्या पिकावर वापरते आणि कंपनीची वितरक नाही. यातली एकही अट कंपनीला बुडवणारी नाही. प्रामाणिक कंपनी यातले बरेचसे आधीच करत असते, आणि ते दाखवण्याची संधी मिळाल्याने तिचा फायदाच होतो.

शेतकऱ्यांच्या संघटना आणि सामूहिक खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था तर परवान्याचीही वाट न पाहता हे प्रश्न उद्या विचारू शकतात. मोठी खरेदी करण्यापूर्वी कंपनीच्या प्रतिनिधीला एवढेच विचारावे की, गेल्या वर्षभरात तुमच्या दर्जाप्रमुखाने किती लॉट अडवले आणि त्यांचे पुढे काय केले. सजीव उत्पादन वर्षभर तयार करणाऱ्या कारखान्यात एकही लॉट कधी अडला नाही असे उत्तर आले, तर तेथे तपासणी होत नसावी किंवा तपासणाऱ्याचे कोणी ऐकत नसावे, असे समजून खरेदी पुढे ढकलावी आणि त्या उत्तराची लेखी नोंद करून ती नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी.